छायाचित्रांची देवघेव आणि ‘समाज’ ही कल्पना : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१

‘समाज’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो, आणि हे दोन अर्थ एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत. समाजशास्त्राच्या ग्रंथांत त्याचा अर्थ परस्परसंबंधांनी बांधला गेलेला माणसांचा व्यापक संघ असा होतो. परंतु बीडच्या एस. टी. स्थानकावर किंवा माजलगावच्या मोंढ्यात एका अनोळखी माणसाने दुसऱ्यास ‘तुमचा समाज कोणता?’ असे विचारले, तर त्याने जात विचारलेली असते. मराठा समाज, वंजारी समाज, धनगर समाज, बौद्ध समाज, मुस्लिम समाज हे शब्दप्रयोग इतके रूढ झालेले आहेत की त्यांत कोणास काही वावगे वाटत नाही. ग्रंथातला ‘समाज’ सर्वांस सामावून घेणारा आहे; बोलण्यातला ‘समाज’ एकास आत घेतो आणि दुसऱ्यास बाहेर ठेवतो.

हा भाषाविचार येथे करण्याचे कारण असे की छायाचित्रांची देवघेव करणाऱ्या ॲपांमध्ये ‘कम्युनिटी’ नावाची एक सोय असते, किंवा असावी असा आग्रह असतो. छायाचित्रे ठेवण्यास जागा दिली म्हणजे काम संपले असे त्यांचे रचनाकार मानीत नाहीत. छायाचित्रे पाहणाऱ्यांचे, त्यांवर अभिप्राय देणाऱ्यांचे आणि समान आवडीच्या लोकांचे समूह बनावेत, अशी त्यांची अपेक्षा असते. या सोयीस मराठीत कोणते नाव द्यावयाचे हा प्रश्न वरवर भाषांतराचा दिसतो. वस्तुतः तो रचनेचाच प्रश्न होय. ‘समाज’ असे नाव दिल्यास बीड जिल्ह्यातील वापरणारा त्या सोयीचा अर्थ काय लावील हे सांगावयास नको. आणि ‘समूह’ किंवा ‘मंडळ’ असे नाव दिले तरी ज्या पायावर माणसे तेथे एकत्र येतील तो पाया केवळ नाव बदलल्याने बदलत नाही. या सोयीच्या मुळाशी समाजाविषयीची जी कल्पना गृहीत धरलेली असते, तिची चिकित्सा बीड जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या सोयीचा इतिहास फार जुना नाही. २००४ च्या फेब्रुवारीत कॅनडातील व्हँकुव्हर येथे ‘फ्लिकर’ सुरू झाले. खेळाचे एक ॲप तयार करीत असता त्यातून ते बाजूस निघाले, हे त्याच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारे आहे; कारण खेळात जशी माणसे एकमेकांस भेटतात तशी ती छायाचित्रांच्या निमित्ताने भेटावीत, ही दृष्टी त्यात प्रारंभापासून होती. वापरणाऱ्यांनी छायाचित्रांना स्वतः शब्दांच्या खुणा म्हणजे टॅग द्यावेत, समूह काढावेत, एकमेकांच्या छायाचित्रांवर लिहावे, अशी व्यवस्था तेथे होती. छायाचित्र चढविले की ते सर्वांस दिसावयाचे. लपवावयाचे झाल्यास तसे मुद्दाम सांगावे लागावयाचे. ही पूर्वयोजना क्षुल्लक वाटते, परंतु बहुसंख्य माणसे पूर्वयोजना बदलण्याच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणून रचनाकार जे गृहीत धरतो तेच बहुतेकांचे वर्तन ठरते.

या व्यवस्थेचे फळ चांगले आले नाही असे म्हणता येणार नाही. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकरवर ठेवून लोकांस त्यांविषयी माहिती देण्याचे आवाहन केले. अनेकांनी छायाचित्रांतील जागा ओळखल्या, व्यक्तींची नावे सांगितली, चुकीच्या तारखा दुरुस्त केल्या. त्या वर्षाअखेरीपर्यंत पाचशेंहून अधिक नोंदींत या माहितीच्या आधारे भर घालण्यात आली. तज्ज्ञांच्या हातून जे सुटले होते ते सामान्य जाणकारांनी भरून काढले. समूहाच्या सोयीचे समर्थन करणाऱ्यांस यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तथापि हे उदाहरण बारकाईने पाहावयास हवे. तेथे जमलेली माणसे एका जातीची, एका गावची किंवा एका पक्षाची नव्हती. त्यांच्यापुढे एक काम होते आणि ते सर्वांचे मिळून होते. याउलट २०१० च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘इन्स्टाग्राम’ने निराळा मार्ग धरला. तेथे छायाचित्राभोवती जमणारी गर्दी ही छायाचित्र टाकणाऱ्याची अनुयायी असते, आणि तिचे मोजमाप पसंतीच्या आकड्याने होते. या आकड्याचा माणसांच्या मनावर होणारा परिणाम इतका जाणवू लागला की २०१९ पासून तो लपविण्याचे प्रयोग झाले आणि २०२१ मध्ये तो लपविण्याची मुभा वापरणाऱ्यांस देण्यात आली. कामाभोवती जमलेला समूह आणि व्यक्तीभोवती जमलेली गर्दी या दोहोंनाही ‘कम्युनिटी’ हेच नाव दिले जाते, आणि सगळा घोटाळा येथेच सुरू होतो.

३

हा भेद स्पष्ट करण्यासाठी परक्या ग्रंथकारांकडे जाण्याची फारशी गरज नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९३६ चा निबंध लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिला गेला. ते भाषण झाले नाही, निबंध मात्र राहिला. त्यात समाज कशाने बनतो याचा जो विचार आहे तो प्रस्तुत विषयास तंतोतंत लागू पडतो. माणसे शेजारी राहतात म्हणून समाज बनत नाही, आणि त्यांच्या चालीरीती सारख्या आहेत म्हणूनही बनत नाही, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे. निरनिराळ्या जाती एकच सण आपापल्या ठायी पाळतात. कृती सारखी असते, पण ती समांतर असते, सामायिक नसते. एकाचे यश हे दुसऱ्यास आपले वाटावे आणि एकाचे अपयशही आपले वाटावे, अशा सामायिक कृतीत वाटा मिळाल्यावाचून समाज अस्तित्वात येत नाही. कोलंबिया विद्यापीठातील आपले गुरू जॉन ड्यूई यांच्या विचाराचा धागा घेऊन बाबासाहेबांनी तो जातिव्यवस्थेच्या चिकित्सेस लावला, हे सुविदित आहे.

या कसोटीवर छायाचित्रांच्या ॲपातील बहुतेक व्यवहार समांतर ठरतो. दिवाळीच्या दिवशी जिल्ह्यातील हजारो माणसे आकाशकंदिलाचे छायाचित्र टाकतात. प्रत्येकाचे छायाचित्र त्याचे आप्तस्वकीय पाहतात आणि पसंती देतात. कृती एकच असते, साधन एकच असते, दिवसही एकच असतो. तरी त्यातून एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन घरांमध्ये कोणताही नवा संबंध जुळत नाही. ‘शेअर’ करणे या शब्दात वाटून घेण्याचा अर्थ आहे खरा. परंतु जे वाटले जाते ते आपापल्या पंक्तीतच वाटले जाते. रचनाकार या पंक्तींनाच समाज समजला, तर पंक्तिभेद अधिक सोयीचा करून देण्यापलीकडे त्याच्या हातून काही घडत नाही.

४

बीड जिल्ह्यात समूहाच्या छायाचित्राची एक देशी परंपरा आधीच रुजलेली आहे. ती म्हणजे चौकाचौकांतील फ्लेक्स. वाढदिवस, निवडणुकीतील यश, जयंती किंवा देवस्थानाचा सप्ताह, प्रसंग कोणताही असो, फ्लेक्सचे व्याकरण ठरलेले असते. वरच्या कडेस पूज्य व्यक्तींच्या छोट्या प्रतिमा, मध्यभागी नेत्याची मोठी छबी आणि तळाशी ‘शुभेच्छुक’ या शब्दाखाली लहान लहान चेहऱ्यांच्या रांगा. कोणाचा चेहरा कोणत्या रांगेत, किती मोठा आणि कोणाच्या शेजारी, यावरून गावातील सत्तेचा नकाशा वाचता येतो. वरच्या कडेच्या प्रतिमांवरून तो फ्लेक्स कोणत्या ‘समाजा’चा हेही कळते. स्त्रियांचे चेहरे त्यात क्वचित येतात. आल्यास बहुधा पदाधिकारी म्हणून येतात आणि पुष्कळदा शेजारी पतीची छबी असतेच. हीच मांडणी आता दूरध्वनीवरील ‘स्टेटस’मध्ये उतरली आहे. तेव्हा या प्रदेशातील वापरणारा कोरी पाटी घेऊन ॲपकडे येतो असे रचनाकाराने मानणे चुकीचे आहे. समूह म्हणजे एक नेता आणि त्याखाली रांगा, हा संस्कार तो बरोबर घेऊन येतो. आणि अनुयायी व पसंती यांवर उभारलेली सोय त्या संस्कारास नेमकी पोषक ठरते.

दुसरा प्रश्न स्थळाचा आहे. समूह गावावरून बनवावेत, म्हणजे जातीचा प्रश्न मागे पडेल, अशी सूचना कोणी करील. परंतु बीड जिल्ह्यात गाव ही वर्षभर एके ठिकाणी असणारी वस्तू नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम उचल देतो आणि त्या उचलीने पुढचे सहा महिने बांधले जातात. या काळात गावात म्हातारीकोतारी आणि काही मुले उरतात. मग ‘गावचा समूह’ म्हणजे कोणाचा? फडावर कोपी घालून राहणाऱ्या टोळीचा खरा समूह टोळी हाच असतो, आणि त्या समूहाचा प्रमुख मुकादम असतो. स्थळाची खूण आपोआप छायाचित्रास जोडणारी सोय अशा वेळी निरुपद्रवी राहत नाही. उचल न फेडता फड सोडणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने आपण कोठे आहोत हे छायाचित्रावरून कळणे धोक्याचे असते. नागर वापरणाऱ्यास जी सोय प्रवासाची आठवण म्हणून हवीशी वाटते, तीच येथे पाळतीचे साधन होऊ शकते.

तिसरी गोष्ट साधनाची. बहुतेक ॲप एक दूरध्वनी म्हणजे एक व्यक्ती असे मानून चालतात. ज्या कुटुंबात एकच उपकरण आहे आणि ते बहुधा पुरुषाच्या खिशात आहे, तेथे हे समीकरण मोडते. स्त्रीचे छायाचित्र त्या उपकरणावर असते, पण ते कोणास पाठवावे याचा निर्णय तिचा नसतो. समूहातील सदस्यसंख्या मोजणाऱ्या आकड्यात ती कोठेच येत नाही. चित्रांत मात्र ती आहे. छायाचित्रात असणे आणि समूहात असणे या दोन गोष्टींतील हे अंतरच पुढील विवेचनाचा मध्यबिंदू आहे.

५

ग्रामीण जीवनाच्या छायाचित्रांचा लोकसहभागातून संग्रह करण्याचा अलीकडील सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेली ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजेच ‘पारी’. जाहिराती नाहीत, पाहण्यास मोबदला नाही, आणि मजकूर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध, ही तिची वैशिष्ट्ये होत. पारीच्या ‘फेसेस’ या उपक्रमात देशातील प्रत्येक जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यातून एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल किंवा किशोरवयीन अशा किमान तीन चेहऱ्यांची छायाचित्रे मिळवावयाची, असा संकल्प आहे. बीड जिल्ह्याचे तालुके अकरा. म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे २५,८५,०४९ लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याच्या वाट्यास किमान तेहतीस चेहरे येतात. फ्लेक्सच्या व्याकरणाशी ताडून पाहता या कल्पनेचे महत्त्व ध्यानात येते. येथे मध्यभागी नेता नाही. सर्व चेहरे सारख्या आकाराचे आहेत, आणि चेहऱ्याबरोबर त्या माणसाचे नाव व व्यवसाय येतो. नामदेव ढसाळांपासूनच्या साहित्याने जे शब्दांत केले, अनामिकास नाव देण्याचे ते काम, येथे चित्रांत करण्याचा प्रयत्न आहे.

असे असले तरी एक आक्षेप उरतो. या संग्रहाभोवती जमणारा समूह हा छायाचित्र काढणाऱ्यांचा, भाषांतर करणाऱ्यांचा, वाचकांचा आणि विद्यार्थ्यांचा आहे. ज्यांचे चेहरे आहेत ती माणसे या समूहाचा विषय आहेत; सदस्य असतीलच असे नाही. शिवाय तालुका हा प्रशासनाचा विभाग होय. त्या विभागाचा नमुना म्हणून एखादा चेहरा निवडणे हे गणकाच्या दृष्टीचे आहे, शेजाऱ्याच्या दृष्टीचे नव्हे. हा दोष पारीचाच आहे असे नाही. संग्रह या कल्पनेतच तो आहे. परंतु समूहाची सोय रचणाऱ्याने तो ओळखल्यावाचून पुढे जाणे इष्ट नव्हे.

याच संस्थेने प्रसिद्ध केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह या बाबतीत अधिक उद्बोधक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून पारी त्या क्रमाने प्रसिद्ध करीत आली. १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीत बाबासाहेबांवरील व बुद्धावरील ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि वीस-एकवीस वर्षांनी कार्यकर्ते पुन्हा त्या गायिकांच्या भेटीस गेले. या पुनर्भेटीला रचनेच्या दृष्टीने फार अर्थ आहे. पहिल्या भेटीत ज्या विषय होत्या त्या दुसऱ्या भेटीत साक्षीदार झाल्या. जुनी नोंद त्यांच्यासमोर पुन्हा मांडली गेली. ओवी ही मुळातच सामायिक श्रमाची वाणी आहे; जात्याचा खुंटा दोघींनी धरावयाचा आणि एकीचे कडवे दुसरीने उचलावयाचे. सामायिक कृतीतून समाज घडतो या सिद्धान्ताचे याहून घरगुती उदाहरण शोधावयास नको.

या संग्रहात गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा यांबरोबर जातही नोंदलेली आहे. हे योग्य की अयोग्य? २०२५ साली बीड पोलिसांनी नामपट्टीवर आडनाव न लिहिता केवळ नाव लिहावे असा निर्णय घेतला, तो जातीची ओळख व्यवहारातून दूर व्हावी म्हणून. दोन्ही निर्णय आपापल्या ठिकाणी समर्थनीय आहेत, आणि येथेच सरसकट नियम करणाऱ्यांचा अपुरेपणा उघड होतो. पोलिसाच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या तक्रारदारास समोरच्या अधिकाऱ्याची जात कळण्याचे काही कारण नाही. तेथे सत्ता अधिकाऱ्याची आहे. भीमनगरच्या गायिकेच्या नोंदीत ‘नवबौद्ध’ हा शब्द मात्र तिच्या गाण्याच्या अर्थाचाच भाग आहे. तो पुसल्यास ओवी कशाविषयी आहे हेच कळणार नाही. जात लपविल्याने अन्यायही लपतो, आणि जात दाखविल्याने अन्यायास वाटही मिळते. तेव्हा ओळख दाखवावी की नाही हे रचनाकाराने एकदाच सर्वांसाठी ठरवावयाचे नसून, ज्याची ओळख आहे त्याच्या हाती ठेवावयाचे आहे.

६

आतापर्यंतचे विवेचन समूह कसा बनतो याविषयी झाले. बनलेल्या समूहातून छायाचित्र बाहेर कसे पडते हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी जमातीच्या पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर मुले पळविण्याच्या अफवा पसरविणारी चित्रे व चित्रफिती फिरत होत्या; त्यांपैकी एक तर मूळची कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती आणि तिचा खुलासा करणारा शेवट कापून टाकण्यात आला होता. यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यावर बंधन घातले. एका आकड्याचा हा बदल; पण माणसाचा जीव आणि रचनाकाराचा निर्णय यांतील संबंध त्याने मान्य केला.

बीड जिल्ह्याने हा संबंध स्वतः अनुभवला आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षणाच्या आंदोलनास हिंसक वळण लागून माजलगाव व बीड येथे लोकप्रतिनिधींची घरे जाळण्यात आली. संचारबंदी लागू झाली आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले. शासनाजवळ त्या क्षणी यापेक्षा बारीक हत्यार नव्हते. जाळपोळीस चिथावणी देणारे चित्र आणि दवाखान्याचा पत्ता विचारणारा संदेश दोन्ही एकाच फटक्यात थांबले. ॲपाच्या रचनेतच वेग आवरण्याची सोय असती, तर साऱ्या जिल्ह्याचा संपर्क तोडण्याची वेळ कदाचित टळली असती.

त्याहूनही कठीण प्रसंग पुढे आला. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. आरोपपत्राचा भाग असलेली हत्येच्या वेळची छायाचित्रे ३ मार्च २०२५ रोजी सर्वत्र पसरली. राज्यभर संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या एका मंत्र्याचा राजीनामा झाला. या घटनेचा एकेरी अर्थ लावणे शक्य नाही. ती छायाचित्रे पसरली नसती तर लोकमताचा रेटा इतका प्रबळ झाला असता काय, हा प्रश्न खरा आहे. पण मृताच्या आप्तांना आपल्या माणसाच्या अखेरच्या यातना अनोळखी माणसांच्या हातांत पाहाव्या लागल्या, हेही तितकेच खरे आहे. ‘सत्य लोकांसमोर यावे’ आणि ‘मृताची विटंबना होऊ नये’ ही दोन मूल्ये येथे समोरासमोर उभी राहिली. पसंती आणि ‘पुढे धाडा’ एवढ्या दोनच क्रिया शिकवणाऱ्या रचनेत या द्वंद्वास जागाच नाही. पाहण्यापूर्वी इशारा, पुढे धाडण्यापूर्वी विचारणा, आप्तांना हरकत घेण्याचा मार्ग, या साध्या गोष्टीही तिच्यात नव्हत्या. सामायिक दुःख आणि समांतर कुतूहल यांतील भेद पुन्हा एकदा पुसला गेला.

७

शेवटी संमतीचा प्रश्न. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यानंतर देशातील व परदेशांतील वृत्तपत्रांचे प्रतिनिधी जिल्ह्यात आले. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेही यावर दीर्घ वृत्तान्त छापला. हे लिखाण व्हावयास हवे होते यात शंका नाही. परंतु अशा वृत्तान्ताबरोबर येणारा चेहरा वृत्तपत्रातून ॲपावर, ॲपावरून गावच्या समूहात आणि तेथून मुकादमाच्या दूरध्वनीवर जातो, तेव्हा त्या स्त्रीने दिलेली संमती कोठपर्यंत लागू होते? तिने वार्ताहरास संमती दिली असेल. मुकादमास दिलेली नसते. संमती एकदा देऊन संपणारी वस्तू मानली की ती पहिल्या पायरीवरच निरर्थक होते.

या बाबतीत मराठवाड्याच्या इतिहासातील एक जुने उदाहरण चमत्कारिक वाटेल इतके बोलके आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत राजा दीनदयाळ या ख्यातनाम छायाचित्रकाराने १८९२ साली पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि त्याची व्यवस्था केनी-लेविक नावाच्या आंग्ल महिलेकडे सोपविली. उमराव घराण्यांतील स्त्रियांपुरतीच ती सोय होती आणि तिच्यामागे पडद्याची रूढी होती, हे विसरता येत नाही. त्या रूढीचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि छायाचित्र कोण घेणार आणि ते कोण पाहणार, हे छायाचित्र घेण्याच्या आधी ठरले पाहिजे, एवढे तत्त्व त्या व्यवस्थेने मानले होते. सव्वाशे वर्षांनंतरच्या ॲपांत हा प्रश्न छायाचित्र चढविल्यानंतर, एखाद्या आडवळणाच्या पडद्यावर विचारला जातो. उमराव स्त्रीस जे मिळाले ते ऊसतोड स्त्रीस का मिळू नये, हा प्रश्न रचनाकारास विचारावयास हवा.

कायद्याचा आधार याबाबत अर्धाच पुरतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कायद्याने संमती मुक्त, नेमकी आणि जाणतेपणाची असावी असे म्हटले, आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची तरतूद केली. परंतु व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. गावच्या समूहात शेजाऱ्याने टाकलेले शेजारणीचे छायाचित्र पुष्कळदा याच उंबऱ्याआड जाते. जेथे कायदा थांबतो तेथे रचनेची जबाबदारी सुरू होते.

८

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. छायाचित्रांच्या ॲपातील समूहाची सोय माणूस कोण आहे यावर न उभारता त्याने मिळून काय करावयाचे आहे यावर उभारली पाहिजे. धारूरच्या किल्ल्याची पडझड दरवर्षी टिपणे, अंबाजोगाईच्या जुन्या शिल्पांच्या नोंदी ताडून पाहणे, पावसाळ्याआधी व नंतर आपल्या गावच्या विहिरीची पातळी दाखविणे, फडावरील निवाऱ्याची आणि पाण्याची स्थिती टोळीनेच नोंदविणे, ही सामायिक कामे होत. त्यांत एकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या छायाचित्रावाचून अपुरे राहते. अशा समूहात जात नाहीशी होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण प्रवेशाची अट ती असणार नाही. तसेच छायाचित्रातील व्यक्तीस, मग तिच्याजवळ स्वतःचे उपकरण असो वा नसो, सदस्याइतकाच अधिकार हवा : आपले नाव देण्याचा वा न देण्याचा, ठिकाण झाकण्याचा, आणि पुढे कधीही ‘हे काढा’ असे म्हणण्याचा.

या रचनेची किंमत आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पसंतीचा आकडा नसला की गर्दी कमी जमते. पुढे धाडण्यास अडथळा असला की प्रसार मंदावतो. आणि जाहिरातदारास गर्दीच हवी असते. असे ॲप व्यापाराच्या दृष्टीने दुबळे ठरण्याचा संभव बराच आहे. म्हणूनच अशा रचनेचा प्रयोग विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी प्रथम करून पाहावयास हवा. मराठवाड्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्यासाठी गावोगाव जावेच लागते. त्यांनी आणलेली छायाचित्रे विभागाच्या कपाटात पडून राहण्याऐवजी ज्यांची ती आहेत त्यांच्यासमोर पुन्हा मांडली गेली, तर भीमनगरच्या पुनर्भेटीचा धडा शास्त्रातही उतरेल. जात्याचा खुंटा एकटीने फिरविता येत नाही असे नव्हे. पण एकटीने फिरविल्यास दळण कमी होते आणि ओवी अर्ध्यावर थांबते.